संकेतस्थळाची भार-चाचणी : लॉगिन, सेशन आणि कुकी यांचा अभ्यास

पूर्वी अर्जासाठी कचेरीच्या खिडकीपुढे रांग लागत असे. आज ती रांग डोळ्यांना दिसत नाही, पण ती संपलेली नाही. संगणकाच्या पडद्यामागे गेली आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या शासकीय पोर्टलवर भरावा लागतो. अकरावीचा प्रवेश ऑनलाइन होतो. दहावी-बारावीचा निकाल मोबाइलवर पाहिला जातो. ज्या घरात संगणक नाही त्या घरातील मूल वस्तीजवळच्या नेट कॅफेत जाते, अर्जामागे पैसे मोजते आणि एकेक रकाना भरू लागते. अर्ज निम्मा भरून झाल्यावर पडद्यावर 'आपले सत्र संपले आहे, पुन्हा लॉगिन करा' असे वाक्य उमटले की पैसे जातात, वेळ जातो आणि सोबत आलेल्या आईचा त्या दिवसाचा रोजही बुडतो.

ही पाळी येऊ नये म्हणून संकेतस्थळ लोकांसाठी खुले करण्यापूर्वी त्याची भार-चाचणी करावयाची असते. पुण्यात आपली अनेक मुले-मुली आज हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांतील कंपन्यांत सॉफ्टवेअर टेस्टिंगचे काम करीत आहेत. कित्येक जण अजून शिकत आहेत. त्यांना कामी यावे, आणि जे या व्यवसायात नाहीत त्यांनाही पडद्यामागे काय चालते हे कळावे, या हेतूने आम्ही हा पाठ लिहीत आहोत. विषय थोडा तांत्रिक आहे, तरी सावकाश वाचल्यास कठीण नाही.

दोन प्रकारच्या गर्दी

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचे मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे. १६ जुलै २०२१ रोजी दुपारी १ वाजता मंडळाचा दहावीचा निकाल ऑनलाइन जाहीर झाला. त्या वर्षी कोरोनामुळे परीक्षा रद्द झाली होती आणि अंतर्गत मूल्यमापनावर ९९.९५ टक्के निकाल लागला. राज्यातील पंधरा लाखांहून अधिक मुले व त्यांचे पालक एकाच वेळी निकालाकडे धावले. निकालाची संकेतस्थळे कोलमडली आणि अनेकांना आपले गुण पाहण्यासाठी कित्येक तास थांबावे लागले.

दुसरा प्रसंग अकरावी प्रवेशाचा. २०२५ साली अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया प्रथमच संपूर्ण राज्यासाठी लागू झाली. १९ व २० मे रोजी विद्यार्थ्यांना अर्ज भरण्याचा सराव देण्यात आला. २१ मे रोजी प्रत्यक्ष नोंदणी सुरू होताच संकेतस्थळ बंद पडले आणि नोंदणी २६ मेपासून नव्याने सुरू करावी लागली.

हे दोन प्रसंग वरवर सारखे वाटतात, परंतु चाचणी करणाऱ्याच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक आहे. निकाल पाहताना विद्यार्थी बैठक क्रमांक व आईचे नाव टाकतो आणि गुण पाहतो. एक प्रश्न, एक उत्तर, संपले. सर्व्हरला त्या मुलाची आठवण ठेवण्याचे कारण नाही. प्रवेश अर्जाचे तसे नाही. तेथे आधी लॉगिन, मग वैयक्तिक माहिती, मग गुण, मग आरक्षण, मग कागदपत्रे, मग महाविद्यालयांचा पसंतीक्रम, असा प्रवास असतो. या सर्व पायऱ्यांवर 'हा तोच विद्यार्थी आहे' हे सर्व्हरला ओळखावे लागते. पहिल्या प्रकारच्या गर्दीची नक्कल करणे तुलनेने सोपे आहे. दुसऱ्या प्रकारच्या गर्दीची नक्कल करताना भलेभले चुकतात. आम्हीही चुकलो आहोत. ती हकीकत पुढे येईलच.

विसराळू सर्व्हर आणि केसपेपर

वेबचे सारे दळणवळण एचटीटीपी नावाच्या नियमावलीनुसार चालते. या नियमावलीचा मूळ स्वभाव विसराळू आहे. ब्राउझरने एक पान मागितले, सर्व्हरने दिले, व्यवहार संपला. पुढच्या क्षणी तोच ब्राउझर दुसरे पान मागू लागला तरी सर्व्हरच्या दृष्टीने तो अनोळखीच असतो.

सरकारी दवाखान्याचे उदाहरण घ्या. आपण खिडकीवर केसपेपर काढतो. डॉक्टर, रक्त तपासणी, एक्स-रे, औषधाची खिडकी, अशा चार ठिकाणी आपण फिरतो. त्या चारही ठिकाणची माणसे आपला चेहरा लक्षात ठेवत नाहीत. ती केसपेपरवरचा क्रमांक पाहतात आणि त्या क्रमांकाची नोंद आपल्या वहीत शोधतात. केसपेपर हरवला की आपण पुन्हा पहिल्या खिडकीवर!

वेबमध्ये केसपेपरचे हे काम कुकी करते. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या अभियंत्याने ही कल्पना प्रथम वेब ब्राउझरमध्ये आणली. सर्व्हर आपल्या उत्तरासोबत 'सेट-कुकी' अशी ओळ पाठवितो, तीत एक नाव व एक किंमत असते. ब्राउझर ती जपून ठेवतो आणि त्याच संकेतस्थळाकडे पुढची प्रत्येक मागणी करताना ती सोबत जोडतो. कुकीमध्ये बहुधा फक्त एक लांबलचक क्रमांक असतो. तो क्रमांक कोणाचा, त्याने कोठपर्यंत अर्ज भरला, ही माहिती सर्व्हरकडील वहीत असते. त्या वहीतील नोंदीला सेशन म्हणतात. जावामध्ये बनविलेल्या संकेतस्थळांत या कुकीचे नाव पुष्कळदा 'जेसेशनआयडी' आणि पीएचपीत बनविलेल्या संकेतस्थळांत 'पीएचपीसेसआयडी' असे आढळते.

केसपेपर आपल्या हातात, नोंदवही त्यांच्या टेबलावर. एवढे लक्षात राहिले की पुढचा भाग सोपा जाईल.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या अर्ज-प्रणालीची भार-चाचणी आमच्याकडे आली होती. आम्ही ब्राउझरमध्ये एकदा लॉगिन करून संपूर्ण अर्ज भरला, ती सारी कृती चाचणीच्या साधनात ध्वनिमुद्रणाप्रमाणे नोंदवून घेतली आणि पाचशे आभासी वापरकर्त्यांकरवी तीच नोंद पुन्हा पुन्हा चालविली. निकाल उत्तम आला. एकही चूक नाही, प्रत्येक पान सेकंदाच्या आत. आम्ही आनंदाने अहवाल दिला.

अर्ज सुरू झाल्याच्या दिवशी मात्र लोकांना लॉगिन करता येत होते आणि आत गेल्यावर पाने उघडत नव्हती. आम्ही नोंदी तपासल्या तेव्हा मान खाली गेली. आमच्या नोंदीत आमच्याच जुन्या सेशनचा क्रमांक व एक जुने गुप्त टोकन गोठून बसले होते. चाचणीच्या वेळी सर्व्हरने ते कालबाह्य म्हणून नाकारले आणि प्रत्येक आभासी वापरकर्त्याला परत लॉगिनच्या पानाकडे वळविले. लॉगिनचे पान नीट उघडले, म्हणून सर्व्हरने '२००', म्हणजे 'सर्व ठीक', असा संकेत दिला. साधनाने तो यश म्हणून मोजला. आमचे पाचशे वापरकर्ते अर्जापर्यंत पोहोचलेच नव्हते. सगळे दारात उभे राहून दारच तपासत होते. ते पान हलके असल्यामुळे वेगही छान दिसला.

चाचणीत चूक दिसली तर ती दुरुस्त करता येते. खोटे यश मात्र कोणी तपासत नाही, आणि त्याची किंमत चाचणी करणाऱ्याला मोजावी लागत नाही; ती शेवटच्या दिवशी नेट कॅफेत बसलेल्या मुलाला मोजावी लागते. म्हणून या पाठाचे सार आम्ही एका वाक्यात सांगतो : प्रत्येक आभासी वापरकर्ता हा स्वतंत्र माणूस असला पाहिजे, त्याचे नाव वेगळे, त्याचा केसपेपर वेगळा, आणि तो खरोखर आत पोहोचला याचा पुरावा वेगळा.

चाचणीची बांधणी

येथे आम्ही अपाचे जेमीटर हे साधन डोळ्यांपुढे ठेवले आहे. १९९८ पासून उपलब्ध असलेले हे साधन विनामूल्य आहे, जावावर चालते आणि साध्या संगणकावरही शिकता येते. लोकस्ट, गॅटलिंग अशी इतर साधने वापरली तरी तत्त्वे हीच राहतात.

१. कुकी सांभाळणे : चाचणीच्या आराखड्यात 'एचटीटीपी कुकी मॅनेजर' हा घटक अवश्य जोडावा. तो सर्व्हरने दिलेली कुकी घेतो व पुढील मागणीस जोडतो. महत्त्वाचे म्हणजे तो प्रत्येक आभासी वापरकर्त्याची कुकी स्वतंत्र ठेवतो. ध्वनिमुद्रित नोंदीत कुकीची जुनी ओळ हाताने लिहिल्यासारखी राहिली असेल तर ती काढून टाकावी.

२. प्रत्येकाला स्वतःचे नाव : एकाच नावाने पाचशे जणांना आत पाठवू नये. अनेक संकेतस्थळे दुसरे लॉगिन होताच पहिले बाद करतात. मग आपलेच वापरकर्ते एकमेकांना बाहेर ढकलत राहतात. शिवाय एकाच विद्यार्थ्याची माहिती सर्व्हर जवळ साठवून पटकन देतो, त्यामुळे वेग खोटा दिसतो. नावे व पासवर्ड एका साध्या फाइलमध्ये लिहून 'सीएसव्ही डेटा सेट कॉन्फिग' या घटकातून एकेकाला एकेक ओळ द्यावी. जितके वापरकर्ते तितकी खाती चाचणीच्या सर्व्हरवर आधी तयार करून घ्यावीत. फाइलमधील नावे संपल्यावर काय व्हावे, पुन्हा पहिल्यापासून की थांबावे, हेही तेथेच ठरवावे.

३. लपलेले टोकन : अर्जाच्या पानात डोळ्यांना न दिसणारा एक रकाना बहुधा असतो. अर्ज खरोखर आपल्याच पानावरून आला आहे, दुसऱ्या कोणी फसवून पाठविलेला नाही, हे ओळखण्यासाठी सर्व्हर त्यात बदलती किंमत ठेवतो. ही किंमत नोंदीतून उचलून वापरली की अर्ज नाकारला जातो. आधी पान मागवावे, 'रेग्युलर एक्स्प्रेशन एक्स्ट्रॅक्टर' या घटकाने त्यातून ताजी किंमत वेचून घ्यावी, आणि मगच ती अर्जासोबत पाठवावी. या कृतीला कोरिलेशन म्हणतात. कोणकोणत्या किमती बदलत्या आहेत हे कळण्याची सोपी युक्ती अशी : तीच कृती दोनदा नोंदवावी आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. ज्या जागी फरक दिसेल ती जागा तपासण्याजोगी.

४. पोहोचल्याचा पुरावा : केवळ '२००' या संकेतावर विश्वास ठेवू नये. 'रिस्पॉन्स असर्शन' या घटकाद्वारे पानात असा मजकूर शोधावा जो लॉगिन झालेल्या माणसालाच दिसतो, उदाहरणार्थ त्याचे नाव किंवा 'बाहेर पडा' हे बटण. तो मजकूर सापडला नाही तर ती मागणी नापास. आमच्या चाचणीत ही एक ओळ असती तर पाचशेच्या पाचशे वापरकर्ते पहिल्या मिनिटातच नापास दिसले असते.

५. लॉगिन किती वेळा : खरा विद्यार्थी एकदा लॉगिन करतो आणि आत बराच वेळ काम करतो. चाचणीत प्रत्येक फेरीला लॉगिन करविले तर पासवर्ड तपासण्याचे जड काम सर्व्हरवर अकारण वाढते. कधीच नव्याने लॉगिन केले नाही तर पहिल्या तासाची झुंबड दिसतच नाही. एकाच वापरकर्त्याने अनेक फेऱ्या करावयाच्या असतील तर लॉगिन 'वन्स ओन्ली कंट्रोलर'मध्ये ठेवावे आणि कुकी प्रत्येक फेरीस पुसू नये. प्रत्येक फेरी म्हणजे नवा माणूस असेल तर उलट करावे. कुकी पुसावी आणि नवे नाव घ्यावे. आराखडा काढण्यापूर्वी 'फेरी म्हणजे काय?' हा प्रश्न कागदावर लिहून त्याचे उत्तर द्यावे.

६. माणसाचा वेग : माणूस वाचतो, विचार करतो, गुणपत्रिका शोधतो. दोन मागण्यांमध्ये टायमर घालून हा थांबा दाखवावा व तो सर्वांचा सारखा ठेवू नये. तसेच सर्व वापरकर्त्यांना एका क्षणात न सोडता ठरावीक वेळात हळूहळू सोडावे. अचानक उसळणाऱ्या गर्दीची चाचणी हवी असेल तर ती वेगळी घ्यावी.

७. कुकीची हद्द : कुकीवर तिचे क्षेत्र, मार्ग व मुदत लिहिलेली असते. एका पत्त्यावर नोंदविलेली चाचणी दुसऱ्या पत्त्यावर चालविली आणि जुना पत्ता एखाद्या मागणीत राहून गेला, तर तेथे कुकी जाणारच नाही. 'सिक्युअर' अशी खूण असलेली कुकी फक्त एचटीटीपीएस या सुरक्षित मार्गानेच जाते. चाचणीच्या सर्व्हरवर सुरक्षित मार्ग नसेल तर लॉगिन झाले असे दिसते आणि पुढच्याच पानावर ओळख हरवते.

८. अनेक सर्व्हर : मोठ्या संकेतस्थळामागे अनेक सर्व्हर असतात आणि पुढे उभा असलेला लोड बॅलन्सर लोकांना त्यांच्यात वाटून देतो. नोंदवही एकाच सर्व्हरकडे असेल तर त्या माणसाला प्रत्येक वेळी त्याच सर्व्हरकडे पाठवावे लागते. ही वाटणी पाठविणाऱ्याच्या आयपी पत्त्यावरून होत असेल आणि आपण सारी चाचणी एकाच संगणकावरून घेत असू, तर सगळा भार एकाच सर्व्हरवर पडतो व बाकीचे स्वस्थ बसतात. अशा वेळी अनेक संगणकांवरून चाचणी घ्यावी. प्रत्यक्षातही एका वसतिगृहातील शंभर मुले एकाच पत्त्यामागून येतात, हे विसरू नये. नोंदवही सर्व सर्व्हरना दिसेल अशा सामाईक ठिकाणी ठेवणे हा यावरील एक चांगला उपाय आहे.

आधी एकच आभासी वापरकर्ता चालवून त्याची प्रत्येक पायरी डोळ्यांनी तपासावी. मग पाच, मग पन्नास. पाच जण चालवून सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये पाच वेगळ्या नावांचे पाच अर्ज जमा झाले का, हे मोजावे. हा पुरावा जमल्याशिवाय मोठी चाचणी घेऊ नये. मोठी चाचणी जेमीटरच्या खिडकीतून न घेता कमांड लाइनवरून घ्यावी, नाहीतर चाचणीचा संगणकच दमतो आणि दोष सर्व्हरवर येतो.

थोडे गणित

किती सेशन एका वेळी जिवंत राहतील, याचा हिशेब चाचणीपूर्वी करता येतो. सूत्र सोपे आहे : दर मिनिटाला येणारी माणसे गुणिले प्रत्येकाचे सेशन जितकी मिनिटे टिकते तो काळ. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगेचा नियम तो हाच.

समजा, मिनिटाला ६०० विद्यार्थी येतात आणि प्रत्येकाला १० मिनिटे लागतात. सर्वांनी काम संपताच 'बाहेर पडा' हे बटण दाबले तर एका वेळी ६०० गुणिले १०, म्हणजे ६,००० सेशन. परंतु बटण दाबते कोण? बहुतेक जण नुसती खिडकी बंद करतात. सर्व्हरला ते कळत नाही. त्याची ३० मिनिटांची मुदत संपेपर्यंत तो नोंद धरून बसतो. मग प्रत्येक सेशन ४० मिनिटे टिकते आणि संख्या होते २४,०००. एका सेशनला ५० केबी जागा लागते असे धरले तर पहिल्या हिशेबात सुमारे ३०० एमबी आणि दुसऱ्यात सुमारे १.२ जीबी स्मृती व्यापली जाते. म्हणजे सर्व आभासी वापरकर्त्यांना शिस्तीने बाहेर पाडणारी चाचणी खऱ्या गरजेचा केवळ चौथा हिस्सा दाखविते. म्हणून काहींनी बाहेर पडावे, बाकीच्यांनी तसेच निघून जावे, आणि चाचणी सेशनच्या मुदतीपेक्षा जास्त वेळ चालावी. दहा मिनिटांत आटोपलेल्या चाचणीला ही साठवण दिसणारच नाही.

येथे आणखी एक गोष्ट. जागा वाचविण्यासाठी सेशनची मुदत पाच मिनिटांवर आणणे हा उपाय कोणालाही सुचेल. पण गुणपत्रिका शोधणारे, एका बोटाने टंकणारे, मंद इंटरनेटवर कागदपत्र चढविणारे मूल पाच मिनिटांत पान पुरे करील काय? मुदत ठरविताना सर्वांत सावकाश वापरकर्ता डोळ्यांपुढे असावा, आणि भरलेला मजकूर प्रत्येक पायरीला जतन होण्याची सोय असावी. मग पुन्हा लॉगिन करावे लागले तरी केलेले काम वाया जात नाही.

ओटीपी, कॅप्चा आणि परवानगी

आता बहुतेक ठिकाणी मोबाइलवर ओटीपी येतो किंवा चित्रातील अक्षरे ओळखण्याचा कॅप्चा असतो. माणूस आणि यंत्र यांत फरक करणे हेच कॅप्चाचे काम असल्याने चाचणीच्या साधनाने तो सोडविण्याच्या भानगडीत पडू नये. चाचणीसाठी वेगळा सर्व्हर असावा आणि केवळ त्यावर कॅप्चा बंद व ओटीपी ठरावीक ठेवण्यास विकसकांना सांगावे. लोकांच्या वापरातील सर्व्हरवर ही सूट कधीही देऊ नये. चाचणीपूर्वी एसएमएस पाठविणारी यंत्रणा तोडली आहे की नाही ते पाहावे, नाहीतर हजारो खरे संदेश जातील आणि त्यांचे बिलही येईल.

चाचणीच्या खात्यांत खऱ्या विद्यार्थ्यांची नावे, आधार क्रमांक किंवा जातीचे दाखले वापरू नयेत. बनविलेली माहितीच वापरावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने या माहितीची जबाबदारी स्पष्ट केली आहे. तसेच मालकाच्या परवानगीविना कोणत्याही संकेतस्थळावर भार-चाचणी घेऊ नये. दुसऱ्याच्या संगणक यंत्रणेत परवानगीविना व्यत्यय आणणे हे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली येते. 'शिकण्यासाठी केले' ही सबब तेथे चालत नाही. शिकणाऱ्याने आपल्याच संगणकावर लॉगिन असलेले एक छोटे संकेतस्थळ उभारावे आणि त्यावर हात बसवावा.

शेवटी

आम्ही आज नवीन मुलांना शिकविताना आमचा तो जुना, सर्व काही ठीक असल्याचे सांगणारा अहवाल आधी पुढे ठेवतो आणि विचारतो, "यात चूक कोठे आहे?" बरेच जण आकडे तपासू लागतात. एखादी मुलगी शांतपणे विचारते, "पण हे पाचशे जण आत गेले होते का?" त्या प्रश्नापाशी आमचा पाठ सुरू होतो.

ज्यांची मुले-मुली या व्यवसायात आहेत त्या पालकांनाही आमचे सांगणे आहे. आपले मूल दिवसभर संगणकापुढे बसून काय करते हे कळत नाही, अशी तक्रार आपण करतो. एखादे वेळी त्याला या लेखातील चौथ्या मुद्द्याबद्दल विचारून पाहा. आणि जी मुले-मुली हे काम करीत आहेत त्यांनी अहवालावर सही करण्यापूर्वी एक वापरकर्ता स्वतः व्हावे, अर्ज शेवटच्या बटणापर्यंत भरावा आणि पावतीचा क्रमांक डोळ्यांनी पाहावा. खिडकीपुढच्या रांगेत आपले आई-वडील तासन्‌तास उभे राहिले. आजची रांग पुढे सरकती ठेवण्याचे काम आपल्या हाती आले आहे.